घरावर कर्ज काढायचे तर कुणाकडे जायचे : दलालाकडे की बँकेच्या साहेबांकडे?



तेंदूपत्त्याचा हंगाम संपतो, फळीवरचा हिशेब होतो, रोवणीला अजून अवकाश असतो. या दिवसांत आपल्या गावांत दोन तऱ्हेची माणसे फिरू लागतात. एक बी-बियाणे, खत विकणारी. दुसरी मोटारसायकलवर येऊन, आंगणातल्या बाजेवर बसून म्हणणारी, "ताई, घर अर्धवट का ठेवलं? कागद द्या, पंधरा दिवसांत कर्ज करून देतो." पहिल्या माणसाशी कसा भाव करायचा ते आपल्याला चांगले समजते. आज बोलायचे आहे ते दुसऱ्याबद्दल. गटांच्या बैठकांत हल्ली हाच प्रश्न सारखा येतो, की कर्जासाठी या भाऊंच्या हाती कागद द्यावेत, की बँकेत जाऊन शाखेच्या साहेबांसमोर आपणच बसावे?

आधी हा भाऊ कोण आहे ते पाहू. सगळेच दलाल एका माळेचे मणी नसतात. काहींना बँकेने किंवा गृहकर्ज देणाऱ्या कंपनीने रीतसर नेमलेले असते. त्यांच्याकडे ओळखपत्र असते, आणि कर्ज मंजूर झाले की बँक त्यांना कमिशन देते. असा एजंट तुमच्याकडे पैसे मागत असेल तर तो दोन्हीकडून खातो आहे असे समजा. दुसरे म्हणजे कंपनीचे पगारी नोकर. त्यांना महिन्याला इतकी कर्जे आणा असे सांगितलेले असते, आणि ते आपल्याच कंपनीचे कर्ज विकतात, मग ते तुम्हाला महाग पडो की स्वस्त. तिसरे म्हणजे तहसील आणि बँकेच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसणारे. त्यांना कुणीच नेमलेले नसते. "साहेब आपले आहेत" एवढ्या भांडवलावर त्यांचा धंदा चालतो. कर्जाच्या रकमेतला ठरलेला हिस्सा ते आधी किंवा नंतर घेतात, आणि त्याची पावती कधीच देत नाहीत.

म्हणून बाजेवर बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारावा : "भाऊ, तुमचे पैसे कोण देते?" यात लाजण्यासारखे काही नाही. आपण गाय घ्यायला जातो तेव्हा मध्ये बोलणाऱ्याला किती मिळणार हे विचारतोच की.

आता बँकेचे साहेब किंवा मॅडम. त्यांचा पगार बँक देते. तुमचे कर्ज झाले काय न झाले काय, त्यांच्या महिन्याच्या पगारात फरक पडत नाही. ही गोष्ट चांगली, आणि वाईटही. चांगली अशासाठी की तुमच्या कर्जातून त्यांना हिस्सा काढायचा नसतो. वाईट अशासाठी की "उद्या या" म्हणताना त्यांना काही तोटा होत नाही. शिवाय साहेब सांगणार ते आपल्याच बँकेचे कर्ज. शेजारच्या बँकेत अर्धा टक्का कमी आहे, तिकडे जा, असे ते कधी सांगणार नाहीत. आणि काही वर्षांत त्यांची बदली होते. नवे साहेब आले की जुने तोंडी शब्द हवेत जातात. तेव्हा साहेबांना देव मानायचे कारण नाही. पण एक मोठा फरक आहे. हो किंवा नाही म्हणायचा अधिकार साहेबांच्या सहीला आहे, किंवा त्यांच्यामार्फत वरच्या कार्यालयाला आहे. एजंटाला तो अधिकार नाही. "मंजूर झालंच समजा" हे त्याचे बोलणे आहे, बँकेचे नव्हे.

पण कुणाकडे जायचे हे ठरवण्याच्या आधी एक प्रश्न आहे, आणि आमच्या मते खरा तोच. कागद गहाण ठेवायची गरज आहे का?

घरकुलाचे छत टाकायचे राहिले आहे, भिंतींना प्लास्टर नाही, न्हाणीघर बांधायचे आहे. अशा कामाला लाख-दीड लाख लागतात. एवढ्यासाठी घर गहाण टाकायची पाळी बऱ्याच जणींवर येऊच नये. आपल्या बचत गटाला बँकेकडून कर्ज मिळते, आणि राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, म्हणजे आपल्या उमेदच्या गटांना १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने काही तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गट नियमित चालत असेल, पंचसूत्री पाळत असेल, तर पहिल्या कर्जाची रक्कम गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांतले जे जास्त ते. दुसऱ्या वेळी आठपट किंवा किमान तीन लाख. आणि हे पैसे शेळ्या आणि शिलाई मशीनसाठीच वापरायचे असे नाही. घर बांधणे, घराची दुरुस्ती, शौचालय, सावकाराचे महागडे कर्ज फेडणे, या गोष्टीही रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत स्पष्ट लिहिल्या आहेत. आमच्या बैठकांत हे सांगितले की निम्म्या बायांना नवल वाटते.

घरकुलाचेही तसेच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार अशी रक्कम योजनेने ठरवली, ती हप्त्याहप्त्याने थेट खात्यात येते. तेवढ्यात घर पुरे होत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून लाभार्थ्याची इच्छा असेल तर वर ७० हजारांपर्यंत बँकेचे कर्ज मिळवून द्यायला मदत करावी, असे त्याच योजनेत आहे. पंचायत समितीत घरकुलाचे काम पाहणाऱ्या अभियंत्यांना विचारा. दुकान टाकायचे असेल तर मुद्रा कर्ज आहे. त्यात ५० हजारांपर्यंतचे शिशू, ५ लाखांपर्यंतचे किशोर. आणि मुद्राने स्वतःच जाहीर केले आहे की आम्ही कुणीही एजंट किंवा मध्यस्थ नेमलेला नाही. "मुद्राचा एजंट" म्हणून कुणी आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

हे सगळे करून भागत नसेल, मोठे घर, चौकातली जागा, मुलीच्या शिक्षणाचा मोठा खर्च असे काही असेल, तर गहाणाचा विचार. इथे चंद्रपूर-गडचिरोलीच्या आपल्या बायांना इतर जिल्ह्यांतल्या बायांपेक्षा जास्त सावध राहावे लागते, कारण आपले कागदच वेगळे आहेत.

वनहक्काचा पट्टा घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो मिळतो, नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतो, मुलाबाळांना वारसाने जातो. पण तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कायद्यातच तसे लिहिले आहे. मग तो गहाण कसा पडणार? पट्ट्याच्या शेतीवर पीककर्ज मिळू शकते, ते पिकासाठी. "पट्ट्यावर घराचं कर्ज करून देतो, मूळ पट्टा माझ्याजवळ द्या" असे म्हणणाऱ्याला एक तर कायदा ठाऊक नाही, नाहीतर चांगलाच ठाऊक आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, आणि त्यानंतर आपल्याकडच्या किती तरी ग्रामसभा त्या वाटेने गेल्या. इतक्या खटपटीने आलेला कागद मोटारसायकलच्या डिक्कीतून बाहेर जाऊ देऊ नका.

आदिवासी कुटुंबाच्या सातबाऱ्याच्या जमिनीचे दुसरे. जमीन महसूल संहितेप्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही. विकायचे असेल तर राज्य सरकारचीही मान्यता लागते. बँकेचे साहेब कर्जाला कचरतात त्याचे एक कारण हे आहे. ते आपल्याला टाळतात असे वाटते, पण कधी कधी हातातला कागदच त्यांना अडवतो. एजंट मात्र म्हणतो, "परवानगीचं मी बघतो." तो काय बघणार? परवानगी द्यायची की नाही हे जिल्हाधिकारी ठरवतात, तो नाही.

आणि घराचा कागद. आपल्यापैकी बहुतेकींकडे ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. तो घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. घर कुणाच्या नावाने कराला लागले आहे ते त्यावरून कळते, पण मालकीचा पक्का पुरावा म्हणून बँक त्यावर भरवसा ठेवत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक आणि सनद मिळू लागली. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून आपले पत्रक काढून घ्या, आणि त्यावर आपले नावही आहे का ते पाहा. कर्ज काढायचे नसले तरी काढून ठेवा. ज्या गावात पत्रक आले नाही, त्या गावात "नमुना ८ वर दहा लाख" सांगणाऱ्याचा हिशेब कुठे तरी दुसरीकडेच असतो.

तो दुसरीकडचा हिशेब म्हणजे खाजगी सावकार. बँक नाही म्हणाली की टपरीवरचा दलाल सावकाराकडे नेतो. तिथे व्याज "शेकडा तीन", "शेकडा पाच" असे बोलले जाते. ऐकायला बारीक वाटते. शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभराला पाच, वर्षाला साठ. परवाना असलेल्या सावकाराला असे व्याज लावता येत नाही. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सरकारने दर ठरवले, तेव्हा शेतकऱ्याला तारणी कर्ज वर्षाला ९ टक्के आणि विनातारणी १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के असे ठरले. विदर्भात जुनी खोड अशी, की गहाणाच्या नावाखाली खरेदीखतच करून घेतात. पैसे फेडले की जमीन परत लिहून देऊ, असे तोंडी सांगायचे. म्हणून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठा किंवा सही करण्याआधी कागदाच्या माथ्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्या : गहाणखत, खरेदीखत की कुलमुखत्यारपत्र. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी मुलगी सोबत न्या. कोऱ्या मुद्रांक कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही कुणालाच द्यायची नाही, मग तो नात्यातला का असेना. आणि असे घडून गेलेच असेल तर हातपाय गाळू नका. अवैध सावकाराने कर्जापोटी जमीन बळकावली असेल आणि त्याला १५ वर्षे झाली नसतील, तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. ते चौकशी करून जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात.

व्याजावर थोडे थांबू या, कारण एजंट आणि साहेब यांच्या बोलण्यातला फरक इथे पैशांत मोजता येतो. दोघेही म्हणाले "बारा टक्के", तरी दोन्ही बारा सारखे असतीलच असे नाही. समजा एक लाख रुपये तीन वर्षांसाठी घेतले. बँकेचे व्याज उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे घटत्या शिलकीवर लागते. महिन्याचा हप्ता साधारण ३,३२१ रुपये येतो आणि तीन वर्षांत व्याज जाते सुमारे १९,५७०. दुसरीकडे "फ्लॅट बारा टक्के" असेल तर व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण लाखावर तीनही वर्षे चालते. हप्ता ३,७७८ आणि व्याज ३६,०००. बँकेच्या पद्धतीने मोजले तर हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. यात दलालाचे दहा टक्के मिळवा. लाखातून दहा हजार त्याने काढून घेतले, तुमच्या हातात आले नव्वद, आणि हप्ते मात्र लाखाचे. हा हिशेब गटाच्या बैठकीत फळ्यावर करून पाहा. आम्ही जिथे केला तिथे हिशेबनीस बाईंनी दोनदा तपासला, कारण कुणाचा विश्वासच बसेना.

मग एजंट कधीच कामाचा नाही का? तसे नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसकडे कोळसा खाणीत, वीज केंद्रात, कागद कारखान्यात पगारावर असलेल्या घरांची गोष्ट वेगळी. पगाराची पावती आहे, जागेचे कागद स्वच्छ आहेत, चार बँका कर्ज द्यायला तयार आहेत. तिथे बँकांनी नेमलेला एजंट चारही ठिकाणचे दर सांगतो, कागद जमवतो, रजा वाचवतो. त्यांनी खुशाल त्याची मदत घ्यावी. फक्त त्याला एकाच वेळी पाच बँकांत अर्ज टाकू देऊ नये. प्रत्येक अर्जाबरोबर बँक आपला जुना कर्जाचा इतिहास, ज्याला लोक सिबिल म्हणतात, तो उघडून पाहते, त्याची नोंद राहते, आणि फार नोंदी दिसल्या की पुढची बँक बिचकते. आणखी एक विचारावे : कर्ज बँकेचे की गृहकर्ज कंपनीचे? बँकेच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाचा दर २०१९ च्या ऑक्टोबरपासून बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, बांधलेला असतो. रेपो उतरला की तीन महिन्यांच्या आत आपलाही दर उतरायला हवा. कंपन्यांना हे बंधन नाही.

पण आपली कमाई पगाराची नाही. धान डिसेंबर-जानेवारीत विकले जाते, तेंदू मे महिन्यात, मोहफूल त्याच्या आधी. एजंटाच्या छापील फॉर्मात या गोष्टींना जागा नसते. तो "मासिक उत्पन्न १५,०००" असे काहीतरी भरून टाकतो आणि सही घेतो. पुढे ऑगस्टमध्ये, घरात रोवणीची मजुरी द्यायलाही पैसे नसताना, हप्ता दारात उभा राहतो. हे बोलणे समोर बसूनच व्हायला हवे. साहेबांना सांगा की आमचा पैसा वर्षातून दोनदा येतो, हप्ता सहामाही करून मिळेल का? शेतकऱ्यांच्या घरकर्जाला काही बँका असा हप्ता ठरवून देतात. कर्ज मंजूर होण्याआधी विचारले तर होऊ शकते, नंतर कुणी ऐकत नाही. सोबत आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धान दिल्याची पावती, तेंदूचे पैसे खात्यात आल्याच्या नोंदी, सातबारा, आठ-अ आणि गटाचे पासबुक न्या. या कागदांवरून साहेबांना आपली कमाई दिसते. तोंडी सांगून दिसत नाही.

अंतराचा प्रश्न आम्ही लपवत नाही. जिवती किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातून शाखेत जायचे तर दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. दलालाचा धंदा चालतो तो यामुळेच. तो दारात येतो. बँक येत नाही. यावर आमचे म्हणणे असे, की मध्ये कुणी हवेच असेल तर ज्याचे पैसे कुठून येतात ते आपल्याला ठाऊक आहे असे माणूस घ्यावे. उमेदच्या बँक सखी आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळाची लोकसंचालित साधन केंद्रे आहेत. गावातले बँक मित्र आहेत, ज्यांना बँक कमिशन देते. फॉर्म भरायला, कोणत्या दिवशी साहेब भेटतील ते विचारायला, यांची मदत घ्या. यांतलेही कुणी कर्जातला हिस्सा मागू लागले तर ग्रामसंघाच्या बैठकीत उघड बोला.

शाखेत एकट्याने जाऊ नका. गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. बाजाराचा दिवस आणि पगाराचे पहिले दिवस टाळा. अर्ज दिला की पोच मागा. शेती, छोटा व्यवसाय, गट, ही सगळी प्राधान्य क्षेत्राची कर्जे आहेत आणि अशा अर्जाची पोच देणे बँकेवर बंधनकारक आहे. निर्णयही ठरलेल्या मुदतीत लेखी कळवायचा असतो. "साहेब, नाही म्हणायचं असेल तर कागदावर लिहून द्या" हे वाक्य नम्रपणे म्हणून पाहा. पुष्कळ वेळा तिथेच फाइल पुन्हा उघडली जाते. अशा छोट्या प्राधान्य कर्जांवर, ५० हजारांपर्यंत, बँकेला प्रक्रिया शुल्क किंवा तपासणी शुल्क लावता येत नाही, आणि गटाच्या बाबतीत ही मर्यादा पूर्ण गटाला नाही तर प्रत्येक सदस्येमागे धरायची असते. आणि साहेबांनी कर्जासोबत विम्याचा कागद पुढे केला तर तो कशाचा, किती रुपयांचा, न घेतला तर काय होईल, हे विचारा. जीवन विमा घेतल्याशिवाय कर्जच नाही, असा कायदा नाही.

आता एक कागद लक्षात ठेवा, एजंटाकडे जा किंवा साहेबांकडे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक बँकेने आणि कंपनीने घरगुती आणि छोट्या व्यवसायाच्या कर्जदाराला मुख्य तथ्य विवरण द्यायचे आहे. बँकेत त्याला केएफएस म्हणतात. कर्ज किती, व्याज किती, हप्ते किती, शुल्क किती, विम्याचे किती, आणि हे सगळे मिळून वर्षाला खरा दर किती पडतो, हे त्यात एकत्र लिहिलेले असते. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे आहे. मराठीत मागा; हक्काने मागा. त्यात जे शुल्क लिहिलेले नाही ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. आणि ते हातात पडल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत गटाची बैठक बसवा, सगळ्यांनी मिळून वाचा. "आजच सही करा, उद्या स्कीम बंद" असे म्हणणाऱ्याकडे हा कागद मागितला की त्याचा सूर बदलतो. आणि कर्ज मंजूर व्हायच्या आधीच "फी म्हणून पाच हजार या नंबरवर टाका" असा निरोप आला तर तो चोराचा आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

बँकेने ऐकले नाही तर आधी शाखेत लेखी तक्रार, तिची पोच. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा फोन आहे. टपरीवरच्या दलालाची तक्रार लोकपालाकडे होत नाही, कारण तो कुणाचाच माणूस नसतो. त्याच्यासाठी पोलीस ठाणे.

शेवटचे सांगायचे ते कर्ज फिटल्यावरचे. ज्या दिवशी सगळे फिटले त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत बँकेने किंवा कंपनीने मूळ कागद परत द्यायचे असतात. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये त्यांनी आपल्याला द्यायचे, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद स्वतः जाऊन घ्या, एजंटाच्या हाती देऊ नका असे बँकेला लिहून द्या. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्या आणि तो तलाठ्याकडे नेऊन सातबाऱ्यावरचा, किंवा भूमी अभिलेख कार्यालयात नेऊन मालमत्ता पत्रकावरचा, बोजा कमी करायचा अर्ज द्या. महिन्याभराने नवा उतारा काढून पाहा. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचे नाव अजून दिसत असेल तर फेरफार झालेला नाही, पुन्हा जा.